अंडं फोडण्याचा सोहळा

अंड्याला कवच असतं हे तुम्हाला कधी कळलं? आठवायचं नाही. आमच्या मुलाला गेल्या महिन्यात कळलं आणि ते कळताना मी त्याच्यासमोर उभी होते! तेव्हापासून भेटेल त्याला ही गोष्ट सांगत सुटले आहे. आता तुम्हीही ऐका.

ठिकाण शिवाजीनगर. पुण्याचं नव्हे, बंगळुरूचं. सेंट मेरी बॅसिलिकाचा उंच मनोरा, त्याच्यासमोर १९२७ साली बांधलेलं रसेल मार्केट, जवळच बसस्टँड, आणि मधल्या गल्ल्यांमध्ये दखनी, तमिळ, कन्नड सगळं एकाच वेळी मोठ्याने बोलणारी माणसं. माझ्या नवऱ्याची मावशी इथे लग्न होऊन आली ती इथलीच झाली. आम्ही दोघं न्यू जर्सीहून येऊन तिच्याकडे राहिलो आहोत, कारण आम्हाला मुलं झाली आहेत. एकदम दोन! मोठा पाच वर्षांचा, धाकटी तीन, सख्खी भावंडं. त्यांची नावं सांगणार नाही. बालन्याय कायद्याचं कलम ७४ दत्तक मुलांची ओळख छापायला मनाई करतं, आणि कायदा नसता तरी सांगितली नसती.

कागदांचं आधी उरकून टाकते, कारण सगळे तेच विचारतात. आम्ही अमेरिकेचे नागरिक, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलेले. मुलं उत्तर कर्नाटकातल्या एका संस्थेतली. म्हणजे हे दोन देशांमधलं दत्तक. १९८४ साली सुप्रीम कोर्टाने लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रालाच याचिका मानून परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले, पुढे १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये मान्य केला, आणि आता सगळं 'कारा' या केंद्रीय संस्थेमार्फत होतं. दत्तकाचा आदेश पूर्वी कोर्ट देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हा दंडाधिकारी देतात. आणि यातली माझी सगळ्यात लाडकी तरतूद: काराचं ना-हरकत प्रमाणपत्र हातात आलं की आदेश व्हायची वाट न पाहता, हमीपत्र लिहून देऊन, भारतातल्या भारतात मुलांना आपल्यापाशी ठेवता येतं. म्हणून आम्ही इथे आहोत. आदेश, पासपोर्ट, व्हिसा या गोष्टी आपापल्या गतीने येतील. येऊ देत सावकाश!

कारण इथे काय चाललंय म्हणून सांगू!

येण्याआधी मी पुस्तकं वाचून तयारी केली होती. नव्या मुलांना सुरुवातीला शांत घर हवं, माणसं कमी हवीत, दंगा नको. मावशींनी मागची खोली रिकामी करून दिली, आम्ही दोन छोटे पलंग आणले, पडदे लावले. पहिल्या रात्री मुलं डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहिली. रडली नाहीत, हललीसुद्धा नाहीत. पहाटे पाहते तर दोघं एका पलंगाखाली, एकाच चादरीवर, उलटसुलट तोंडं करून. दुसऱ्या रात्री तीच तऱ्हा. शेवटी मावशी म्हणाल्या, "अगं, आयुष्यभर वीस पोरांच्या खोलीत दिवे लावून झोपलेत ते. तुझ्या त्या गुहेत त्यांना भीती नाही वाटणार तर काय होईल?" आणि त्यांनी सरळ रस्त्याकडेच्या खोलीत सतरंजी अंथरली. खाली रिक्षावाल्यांची भांडणं, रात्री उशिरापर्यंत बसचे हॉर्न, पहाटे अजान, मग चर्चची घंटा. आणि मुलं ढाराढूर! सूर्य वर आला तरी उठेनात. ज्या गोंगाटाबद्दल मी नवऱ्याशी विमानात वाद घातला होता, तोच अंगाईगीत निघाला. पुस्तकं चूक नाहीत म्हणा. माणसं कमी हवीत हे खरंच आहे, आणि त्यावर मी पुढे येतेच. पण शांतता हा ज्याचा त्याचा प्रश्न असतो.

आता अंडं.

संस्थेत मुलांना खायला नीट मिळत होतं, तक्रार नाही. पण जेवण तयार होऊन पातेल्यातून यायचं. स्वयंपाकघर लांब, मुलांना तिथे मज्जाव. त्यामुळे कच्चा तांदूळ, गॅसची ज्योत, मातीने माखलेले बटाटे, नंदिनीची दुधाची पिशवी कात्रीने कापणं, यातलं काहीही दोघांनी पाहिलेलं नव्हतं. विचार करा! आपल्याला हे शिकावं लागलं होतं हेच आपण विसरून गेलेलो असतो.

मावशी त्यांना रसेल मार्केटमध्ये घेऊन निघाल्या आणि मी धास्तावून मागे. एवढी गर्दी, मटणाची दुकानं, माशांचा वास, मुलं बिथरणार. कसली बिथरतायत! मोठा माझं बोट घट्ट धरून चालत होता आणि प्रत्येक ढिगापाशी थांबून बघत होता. अंडीवाल्या चाचांच्या दुकानापुढे मात्र तो हलेना. तिथे कोंबडीची अंडी, बदकाची अंडी, आणि एका टोपलीत ठिपक्याठिपक्यांची लाव्यांची. चाचांनी त्याच्या तळहातावर एक ठिपकेदार अंडं ठेवलं. त्याने ते कानाशी नेलं. मग हुंगलं. मावशींनी त्याला त्याच्या कन्नडात सांगितलं, की ही तत्ती आहे, म्हणजे अंडं. त्याने मावशींकडे अशा नजरेने पाहिलं, की या बाई चांगल्या आहेत पण थोड्या खुळ्या आहेत. कारण तत्ती त्याला पक्की माहीत होती. तत्ती पांढरी असते, मऊ असते, ताटात सोलून येते.

घरी आल्यावर मी चार अंडी उकडली. एक गार करून त्याच्या हातात दिलं आणि ओट्यावर टकटक करून दाखवलं. त्याने टकटक केलं. चीर पडली. नखाने एक टवका निघाला, आणि आत पांढरं दिसलं. तो थांबला. टवका परत त्या जागी लावून पाहिला. काढला. पुन्हा लावला. मग त्याने एवढ्या मोठ्याने किंचाळून बहिणीला हाक मारली, की खालच्या शिंप्याने मशीन थांबवून वर पाहिलं. त्यानंतर घरात जेवढी अंडी आली तेवढी त्यानेच फोडायची असा नियम झाला, आणि आम्ही सकाळ-संध्याकाळ अंडी खातोय. अंडा करी, भुर्जी, ऑम्लेट. माझा नवरा जन्माचा शाकाहारी, तोही कवच सोलायला बसतो. खात नाही, पण सोलतो.

अशा गोष्टी रोज घडतात, एक झाली की दुसरी. दाराची कडी हे एक प्रकरण आहे. संस्थेचं फाटक नेहमी बंद. इथे कडी हाताला येते, दार उघडतं, बाहेर जाता येतं, आणि मुख्य म्हणजे परत आत येता येतं! धाकटी हे तासभर करू शकते. बाहेर दोन पावलं, आत, कडी, पुन्हा बाहेर. मी उंबऱ्यात बसून भाजी निवडते. स्वतःच्या चपला हेही तसंच; कमर्शियल स्ट्रीटवर घेतलेल्या चपला ती उशीखाली ठेवून झोपते, कारण आजवर चपला सगळ्यांच्या असायच्या. उशीखाली पोळीही सापडते. आधी मी घाबरले. मुलांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढून घेऊ नका, ओरडू नका, हाताला येईल अशा जागी खाऊचा डबा ठेवा आणि तो कधीही रिकामा होऊ देऊ नका. ठेवला. उशीखालची पोळी आता अर्धी झाली आहे, कधी कधी नसतेही.

आणि निवडणं! फळवाल्याने धाकटीला विचारलं, कुठलं देऊ? ती गोठून उभी राहिली. तिला आजवर कुणी काय हवं हे विचारलेलंच नव्हतं. आता आम्ही दोनच गोष्टी पुढे धरतो, केळं की पेरू, आणि वाट पाहतो. बोट उचलायला तिला वेळ लागतो. बाजारात एवढा वेळ कोण देतं? शिवाजीनगरातले हातगाडीवाले देतात. गिऱ्हाईक खोळंबतं, कुणी कुरकुरत नाही. वर "किसके बच्चे?" असं विचारून मी "हमारे" म्हटलं की "माशाल्ला" म्हणून मोकळे. पुढचा प्रश्न नाही. जिथे शेजारीपाजारी चार भाषांमध्ये बोलतात, तिथे आईला कन्नड येत नाही आणि मुलांना मराठी येत नाही याचं कुणाला काय नवल!

नवल आपल्या माणसांना वाटतं. फोनवरून विचारतात, आईवडील कोण होते, कुठल्या जातीचे, रंग कसा आहे. आणि वर, "किती पुण्याचं काम केलंत!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. पुण्य कसलं? मला मुलं हवी होती, हा माझा स्वार्थ आहे. त्यांचा मागचा इतिहास त्यांचा आहे. मोठी झाली की कुणाला सांगायचा ते ठरवतील.

दुसरं वाक्य, "किती शहाणी मुलं आहेत!" होती खरी. बस म्हटलं की बसायची, ताट पुढे आलं की संपवायची, आल्यागेल्या कुणाच्याही मांडीवर जाऊन बसायची. सगळे कौतुक करायचे आणि मला पोटात कसंतरी व्हायचं. कुणाच्याही मांडीवर जाणाऱ्या मुलाला अजून आपली मांडी मिळालेली नसते. म्हणून आम्ही एक कडक नियम केला. भरवणं, आंघोळ, झोपवणं, पडलं-लागलं तर उचलणं, हे फक्त आम्ही दोघांनी करायचं. मावशींनाही यात सूट नाही, आणि त्या बिचाऱ्या हात मागे बांधून बसतात.

मग तो दिवस आला! मेरीमातेच्या सणाचे दिवस, ८ सप्टेंबरच्या आधीची नऊ दिवसांची प्रार्थना चालू, बॅसिलिकेपुढे भगवे कपडे घातलेल्या भाविकांची ही गर्दी, मेणबत्त्या, फुलं, फुगे. धाकटीला फुगा हवा होता. घेतला. तिला दुसरा हवा होता. नाही म्हटलं. आणि आमच्या शहाण्या मुलीने भर रस्त्यात बसकण मारली, पाय आपटले, "बेकु! बेकु!", म्हणजे हवाय, हवाय, करून आकाशपाताळ एक केलं, मला दोन फटके मारले, आणि मग माझ्याच गळ्यात पडून हुंदके देत राहिली. मावशी घ्यायला आल्या तर त्यांना लाथ! लोक बघत होते आणि मला नाचावंसं वाटत होतं. मावशी साडी झटकत म्हणाल्या, "रुसली बाई एकदाची. आता घरची झाली."

फुगा दुसरा घेतला नाही, हेही सांगून ठेवते.

पुढचं सोपं नाही. इथे जरा रुळतायत तोवर त्यांना पुन्हा उचलून थंडीच्या, चिडीचूप रस्त्याच्या गावी न्यायचं आहे. म्हणून नवऱ्याने रात्री खिडकीत फोन ठेवून शिवाजीनगरचा आवाज रेकॉर्ड करून घेतलाय, हॉर्न, भांडणं, घंटा सगळं, तिकडे झोपताना लावायला. स्टीलची ताटं आणि न धुतलेली ती सतरंजीही सोबत येणार आहेत. तिथल्या दत्तक संस्थेकडून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी मुलांची खबर काराकडे जाईल. माणूस घरी येऊन बघणार म्हणून आधी मला राग यायचा. आता वाटतं, येऊ देत, अंडी फोडून दाखवू.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात हे असेल, इथे किंवा परदेशात, तर इथे असाल तर काराच्या संकेतस्थळावरूनच आणि परदेशात असाल तर तिथल्या मान्यताप्राप्त दत्तक संस्थेमार्फतच नोंदणी करा; मूल मिळवून देतो म्हणणाऱ्या मधल्या माणसाला दारात उभं करू नका. अर्जात भावंडांच्या आणि मोठ्या मुलांच्या पर्यायाकडेही बघा. आणि तुमच्या ओळखीत कुणाकडे अशी मुलं आली असतील तर एवढंच करा: पहिले काही महिने मुलांना उचलून घेऊ नका, भरवू नका, प्रश्न विचारू नका. आईबापांसाठी जेवणाचा डबा दारात ठेवा आणि घरी जा.