बाण, वारा आणि उंबरखिंड

किम हान-मिन या दिग्दर्शकाचा 'वॉर ऑफ द ॲरोज' (२०११) हा कोरियन चित्रपट मी दोनदा पाहिला; पहिल्यांदा कथेसाठी, दुसऱ्यांदा केवळ आवाजासाठी. प्रत्यंचेचा ताण, सुटलेल्या बाणाची शीळ आणि तो झाडात रुतल्यावरची थरथर यांवर हा चित्रपट उभा आहे. १६३६ साली मांचू सैन्य कोरियावर चालून येते, ऐन लग्नाच्या दिवशी नाम-यीच्या बहिणीला बंदिवान करून नेले जाते आणि हा एकटा धनुर्धर तिच्या मागावर निघतो. पुढचा सारा वेळ एका रानातला पाठलाग. झाडाला वळसा घालून जाणारा बाण सोडला (एवढी सूट सिनेमाला द्यायलाच हवी!) तर शस्त्राच्या मर्यादांशी चित्रपट प्रामाणिक राहतो. बाण संपतात, मग नळीतून सोडायचे आखूड बाण घडवावे लागतात.

कोरियाचे पारंपरिक धनुष्य म्हशीचे शिंग, स्नायुतंतू आणि माशाचा सरस यांचे. म्हैस तिथली नव्हे. शिंगे बाहेरून आणावी लागत. दमट हवेत सरस सैल पडतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणाऱ्या लोणावळ्यात राहणाऱ्याला हे वाचून हसू येते आणि लगेच उंबरखिंड आठवते.

शाइस्तेखानाने कोकण जिंकण्यासाठी धाडलेला कारतलबखान आमच्याच मावळातून गेला. तळेगाव, लोणावळा आणि मग कुरवंडे घाटाने खाली. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी त्याला चावणीजवळच्या अरुंद, निर्जल रानात दोन्ही बाजूंनी कोंडले. फेब्रुवारी म्हणजे वाळलेला पाचोळा, आटलेले ओहोळ. शत्रूला तहानेनेच अर्धे हरवले होते. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त ही लढाई विस्ताराने येते. पण बाणांची वृष्टी हा संस्कृत महाकाव्याचा संकेतच असल्याने त्यातले किती रणांगणावरचे आणि किती कवीचे, हे निवडणे अवघड.

एका वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन त्या वाटेने उतरलो. एका मुलीने विचारले, "सर, झाडामागे दडलेल्या मावळ्याला खाली नेमकं काय दिसत असेल?" मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे यावर उत्तर नव्हते. तिथे काही वेळ सगळे गप्प बसलो, तेव्हा पानावरून सरडा गेला तरी ऐकू येत होते.

'फर्जंद' (२०१८)नंतर मराठीत शिवकालीन चित्रपटांची रांग लागली. त्यांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. माझी तक्रार त्यांच्या गळ्याविषयी आहे. तिथे मावळा दबा धरूनसुद्धा बोलतो. ज्याने रात्रभर श्वास आवरला, त्याच्या तोंडी आपण टाळ्यांची वाक्ये घालतो. कोरियन चित्रपटाला ही भूक नसावी, कारण ते युद्ध कोरिया हरलाच. १६३७ साली राजा इंजो याने मांचू सम्राटापुढे गुडघे टेकले. राज्य वाचवता येत नाही हे ठरलेले; म्हणून एक बहीण वाचवण्याइतकीच गोष्ट उरते आणि ती पुरते.

उंबरखिंड तर आपण जिंकलेली. मोगलांकडून लढणाऱ्या रायबागनने शरणागतीचा सल्ला दिला, खानाने खंडणी देऊन वाट मागितली आणि महाराजांनी ती दिली. तहानलेली माणसे, जनावरे त्या खिंडीतून बाहेर पडताना झाडांमागचे हात धनुष्यावर, बंदुकीवर तसेच थांबून राहिले असतील. ते थांबणे मला पडद्यावर पाहायचे आहे, एकाही संवादाशिवाय.