हलका स्वयंपाक

सिंगापूरमध्ये खोली भाड्याने देताना घरमालक ज्या अटी घालतात, त्यांत स्वयंपाकाची अट जवळजवळ नेहमी असते. स्वयंपाक चालेल, स्वयंपाक चालणार नाही, किंवा ‘लाइट कुकिंग’ म्हणजे हलका स्वयंपाक चालेल, असे तिचे तीन प्रकार. हलका स्वयंपाक म्हणजे नेमके काय, हे करारात लिहिलेले नसते. ते मालकच सांगतो. पाणी उकळावे, नूडल्स शिजवाव्यात, अंडी उकडावीत, बाहेरून आणलेले जेवण मायक्रोवेव्हमध्ये गरम करावे. तेल तापवून त्यात काही टाकू नये. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथून नोकरीसाठी तिकडे गेलेल्या माणसाला या अटीचा अर्थ एका वाक्यात कळतो: फोडणी बंद.

या विषयाला निमित्त झाले ते बदलापूर पूर्वेतल्या एका जुन्या इमारतीचे. तिथल्या एका घरात नुकतीच स्वयंपाकाच्या ओट्यावर चिमणी बसवली गेली. प्रस्तुत लेखक याच घरात वाढला आणि पुढे सिंगापूरला नोकरीस गेला. सुट्टीत घरी आल्यावर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर फोडणीचा वास यायचा, आणि दार उघडण्याआधीच आज काय शिजते आहे ते कळायचे. या खेपेस जिना नुसता जिना होता. आत आई नेहमीसारखी कढईपाशी उभी होती, मोहरी तडतडत होती, आणि यंत्र तो वास ओढून मागच्या बाजूला बाहेर टाकत होते.

फोडणीचा क्रम घरोघर ठरलेला असतो. तेल चांगले तापले की मोहरी, ती तडतडली की जिरे, मग हिंग, हळद, कढीपत्ता. मसाल्यांतली सुगंधी द्रव्ये बहुतांशी पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून चव उतरवायला आधी तेल लागते. तेच तापलेले तेल अगदी बारीक थेंबांच्या रूपात हवेत चढते आणि भिंत, पडदा, कपडा, जे समोर येईल त्यावर बसते. हिंगाचा वास गंधकाच्या संयुगांचा असल्यामुळे तो सगळ्यांत चिवट. बदलापूरला पावसाळ्यात बाहेर कपडे वाळत नाहीत. त्या घरात दोरी स्वयंपाकघरातच बांधलेली असे आणि वडिलांचे शर्ट तिच्यावर, कढईपासून हाताच्या अंतरावर, टांगलेले असत. वडील मुंबईत फोर्टमधल्या एका कार्यालयात होते. जुलै-ऑगस्टमध्ये ते ज्या शर्टात सकाळची लोकल पकडत, त्याला हिंग-मोहरीचा वास असे आणि हातातल्या डब्यात त्याच फोडणीची भाजी. त्या वासाबद्दल गाडीत कोणी काही बोलल्याचे घरात कधी ऐकू आले नाही. आजूबाजूच्या निम्म्या शर्टांना तोच वास होता.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही गावे दुसरीकडून उठून आलेल्या माणसांची आहेत. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली गेली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींमध्ये जागा दिली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी पायाभरणी केली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. पत्ता मात्र अजूनही कॅम्प नंबर एक ते पाच असाच सांगितला जातो. बराकीत एका छपराखाली अनेक कुटुंबे राहत. मध्ये गोणपाटाचा किंवा पत्र्याचा आडोसा असे. आडोशाने नजर अडते, वास अडत नाही. सिंधी कढीतल्या मेथीदाण्याची, साईभाजीतल्या लसणाची फोडणी सगळ्या बराकीला कळे. ज्यांचे घर, शेत, दुकान मागे राहिले, त्यांच्याकडे आणता आले ते हेच.

अंबरनाथला १०६० सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. पण गाव वाढले ते विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि नंतरची औद्योगिक वसाहत यांच्यामुळे. बदलापूर वाढले ते मुंबईतल्या घरांच्या किमतीमुळे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ ६० किलोमीटर, बदलापूर ६८. परळ-लालबागच्या चाळीत संसार मावेनासा झाला, डोंबिवलीही परवडेनाशी झाली, की माणूस गाडीच्या आणखी पुढच्या स्थानकावर घर बघतो. महाग शहर आपल्या कामगारांना पोटात ठेवत नाही, काठावर ठेवते. सिंगापूरलाही हेच चालते. जोहोर सामुद्रधुनीवरचा एक किलोमीटरहून थोडा लांब बांध ओलांडून मलेशियातल्या जोहोर बारूतून रोज लाखो माणसे ये-जा करतात. त्यांतली पुष्कळ पहाटे अंधारात निघून सिंगापूरला कामावर जाणारी. बदलापूरहून गेलेल्या माणसाला ती रांग समजावून सांगावी लागत नाही.

इथे थोडे मागे जाणे भाग आहे, कारण सिंगापूरला नोकरीला जाण्याची वाट उल्हासनगरात राहायला आलेल्या समाजाने फार पूर्वीच पाडली होती. इंग्रजांनी १८४३ साली सिंध जिंकल्यावर तिथल्या हैदराबाद शहरातले व्यापारी सिंधी कलाकुसरीच्या वस्तू घेऊन मुंबईला आले आणि तिथून माल्टा, इजिप्त, सिंगापूर, जपान, पनामापर्यंत पोहोचले. त्यांना सिंधवर्की म्हणत. क्लॉड मार्कोविट्स या इतिहासकाराने त्यांच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे. पेढीचा नोकर साधारण अडीच-तीन वर्षांच्या करारावर जाई, बायकोमुले हैदराबादेतच राहत, मुदत संपली की काही महिने घरी येऊन तो पुन्हा जहाजावर चढे. राहण्याजेवण्याची सोय पेढीची असे आणि नोकरांबरोबर स्वयंपाकीही पाठवले जात. परदेशी पाठवलेल्या माणसाचे पोट ही पेढीची जबाबदारी आहे, एवढे त्या व्यापाऱ्यांनी ओळखले होते. आजच्या नेमणूकपत्रात पगार, विमा, रजा सगळे असते. जेवण ज्याने त्याने पाहायचे असते.

आजची वाट एम्प्लॉयमेंट पास या नोकरीच्या परवान्यावरून जाते. जानेवारी २०२५पासून त्यासाठी दरमहा किमान ५,६०० सिंगापूर डॉलर पगार लागतो, वित्तक्षेत्रात ६,२००, आणि वय वाढेल तशी ही रेषा वर सरकते. पत्नी आणि मुलांना न्यायचे तर पगार किमान ६,००० डॉलर हवा. आईवडिलांना दीर्घ मुदतीच्या परवान्यावर नेण्यासाठी १२,००० डॉलर. म्हणजे आईला नेणे हे पत्नीला नेण्याच्या दुप्पट पगाराचे काम आहे. बहुतेकांच्या बाबतीत आई बदलापुरातच राहते आणि अडीच तासांच्या वेळेच्या फरकाने व्हिडिओ कॉलवर भाजीचा रंग बघून आणखी थोडे परतायला सांगते.

आकड्यांत हा पगार गावाकडे फार मोठा वाटतो. पण इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या यादीत २०२३ साली सिंगापूर झुरिकच्या बरोबरीने जगातले सर्वांत महाग शहर होते. जमीन मुंबई महानगरपालिका हद्दीच्या साधारण दीडपट. बहुसंख्य रहिवासी १९६० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या, इमारतींत राहतात. परदेशी नोकरदाराला ती घरे विकत घेता येत नाहीत. एकट्या माणसाने मालकाच्या घरातली एक खोली घ्यावी आणि स्वयंपाकघर सामाईक वापरावे, ही रीत. अशा एका खोलीला महिन्याला हजार डॉलरच्या आसपास पडतात, म्हणजे साठ-सत्तर हजार रुपये. एवढे पैसे मोजून मिळते ते एक पलंग, एक कपाट आणि हलका स्वयंपाक.

बाहेरचे खाणे त्या मानाने स्वस्त आहे. शंभरहून अधिक हॉकर सेंटर आहेत आणि त्या खाद्यसंस्कृतीला २०२० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. पाच-सहा डॉलरमध्ये पोटभर जेवण होते. सामानही मिळते. टेक्का बाजारात कढीपत्त्याच्या ताज्या जुड्या असतात, मुस्तफा या दुकानात हिंगापासून साबुदाण्यापर्यंत सारे असते. फक्त खसखस मिळत नाही आणि नेताही येत नाही. अफूच्या झाडाचे बी म्हणून तिथे तिला बंदी आहे. त्यामुळे दिवाळीत सिंगापूरसाठी अनारसे करताना ते खसखशीवर न थापता तिळावर थापावे लागतात. ते वेगळे लागतात, पण जातात. अडचण जिन्नसाची नसते. ते कढईत टाकायला परवानगी नसते.

वासाबद्दल सिंगापूर एकंदर जागरूक आहे. मेट्रोत दुरियन हे फळ नेता येत नाही. हा नियम सगळ्यांना सारखा आहे, म्हणून तो कोणाच्या मनाला लागत नाही. भाड्याच्या घरातला नियम तसा नसतो. २०१४ साली बीबीसीने सिंगापूरमधल्या अशा जाहिरातींवर वृत्तांत दिला होता, ज्यांत भारतीयांनी आणि चीनमधून आलेल्यांनी विचारणा करू नये असे उघड लिहिलेले असे. त्यामागे मालक जी कारणे सांगत, त्यांत स्वयंपाकाचा वास होता. प्रस्तुत लेखकाच्या मनात एक सल राहिला आहे तो याच संदर्भात. एक घरमालकीणबाई भाडेकरू ओट्यापाशी गेला की खिडक्या उघडून दारात उभ्या राहत. स्वतः मात्र त्या बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची वडी, भाजत आणि घरभर वास कोंदे. त्या वासाबद्दल भाडेकरूची काहीच तक्रार नव्हती. बदलापुरातल्या आगरी शेजाऱ्यांकडे सुकट भाजली जाई तेव्हा येणारा वास याच कुळातला आणि त्याने भूकच लागे. पण तो वास मालकिणीचा होता, म्हणून ते जेवण होते. जिऱ्याचा वास भाडेकरूचा होता, म्हणून तो उपद्रव होता. ऑफिसचे शर्ट तेव्हा चेन असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद करून ठेवावे लागत. पिशवी उघडताना दर वेळी वडिलांचे दोरीवरचे शर्ट आठवत. त्यांना कोणी पिशवीत लपवले नव्हते.

न्यायाने सांगायचे तर त्याच शहराने याचे उत्तरही दिले आहे. चीनमधून नव्याने आलेल्या एका कुटुंबाने शेजारच्या भारतीय वंशाच्या कुटुंबाच्या करीच्या वासाबद्दल तक्रार केली होती. सामुदायिक मध्यस्थी केंद्रात तडजोड झाली की तक्रारदार घरी नसतील तेव्हाच भारतीय कुटुंबाने करी शिजवावी, आणि तक्रारदारांनीही करी चाखून पाहावी. काही वर्षांनी, ऑगस्ट २०११मध्ये, ही जुनी तडजोड वर्तमानपत्रात आली आणि लोक संतापले. चिनी, मलाय, भारतीय, युरेशियन अशा सर्वांनी मिळून २१ ऑगस्टच्या रविवारी घरोघर करी शिजवायचे ठरवले. पन्नास हजारांहून जास्त लोकांनी फेसबुकवर पाठिंबा नोंदवला. करी हा आमच्या सगळ्यांच्या घरचा वास आहे, असे त्या शहरातल्या सामान्य माणसांनी स्वतः ठरवले. भाडेकराराच्या अटी त्यानंतरही राहिल्या. नागरिकाच्या फोडणीला शहराने जागा दिली. भाडेकरूच्या फोडणीचे अजून मालकच ठरवतो.

वास कोणी सोसायचा हा प्रश्न निघाला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या माणसाला स्वयंपाकघराबाहेरचे वासही आठवतात. वालधुनी नदी तिन्ही ऋतूंत रसायनांचा वास घेऊन वाहते. नोव्हेंबर २०१४मध्ये तिच्यात सोडलेल्या रसायनांमुळे उल्हासनगरात लोकांना श्वास घेणे अवघड झाले आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. ३ जून २०२१च्या रात्री बदलापुरात आणि सप्टेंबर २०२४मध्ये अंबरनाथला वायुगळती झाली. लोक डोळे चोळत, नाकाला रुमाल लावून घराबाहेर आले. रात्री उशिरा खिडकीतून उग्र वास आला की उठून खिडकी लावायची, हे इथल्या मुलांना लहानपणीच शिकवले जाते. ज्या वासाने फुप्फुसांना इजा होते तो इथे वर्षानुवर्षे सोसला गेला, आणि ज्या वासाने फार तर पडद्याला धुणे लागते त्याबद्दल सिंगापुरात माफी मागावी लागली. नाकाचा यात काही संबंध नाही. ज्याच्या हातात जागेची कागदपत्रे, त्याचा वास चालतो.

म्हणून हा विषय बदलापुरात येऊनच संपतो. परदेशातल्या पगारावर इथे पूर्वेला आणि पश्चिमेला पुष्कळ सदनिका घेतल्या गेल्या आहेत आणि त्या भाड्याने दिल्या जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो. भाडेकरूने काय शिजवावे याबद्दल तो कायदा काहीही मागत नाही. तरी दलाल मसुद्यात ‘फक्त शाकाहारी कुटुंब’ किंवा ‘मासे शिजवणार नाहीत’ अशी ओळ घालून आणतात आणि मालक परदेशातून होकार कळवतात. मुंबईत मराठी माणसाला याच कारणाने घर नाकारले गेले की आपण रास्तपणे चिडतो. त्याच न्यायाने उल्हासनगरच्या कॅम्पातल्या, अंबरनाथच्या मोरिवलीतल्या, बदलापूरच्या कुळगावातल्या भाडेकरूच्या सुकटीला आणि लसणालाही घरात जागा मिळाली पाहिजे.

ज्यांनी परदेशी खोलीच्या करारात हलक्या स्वयंपाकाची अट वाचून सही केली आहे, त्यांनी आपल्या इथल्या घराच्या करारातून ‘फक्त शाकाहारी’सारखी ओळ खोडून टाकावी. भाडे वेळेवर यावे, घर स्वच्छ राहावे, घर सोडताना भिंतींना रंग लावून द्यावा, एवढे मागण्याचा मालकाला पूर्ण हक्क आहे. दुसऱ्याच्या कढईत काय पडावे, हे ठरवण्याचा नाही.