बुडाशी लिहिलेलं

चांदीचं भांडं हातात आलं की आधी ते उलटं करून बघायची मला खोड आहे. लग्नघरी आहेराच्या टेबलाशी, कुणाच्या देवघरात, मालवणच्या बाजारपेठेत सराफाकडे, कुठेही. बघणाऱ्याला वाटतं, बाई वजन जोखतेय. वजन हाताला कळतंच, पण मला हवं असतं बूड. घाट, नक्षी, झळाळी हा सगळा कारभार वर, चारचौघांसाठी. भांडं कुठलं, कुणाचं, कधीचं, ते खाली लिहिलेलं असतं.

खोड लागली ती चवथीच्या तयारीत. एरवी आमच्या घरातली चांदी पेटाऱ्यात, जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेली असायची. गणपती यायच्या आठवडाभर आधी ती बाहेर निघे, तीही काळीठिक्कर होऊन. चांदी काळवंडते हवेतल्या गंधकाने, आणि ओहोटीला खाडीच्या गाळातून जो वास सुटतो त्यात गंधकच असतं. आमच्या किनाऱ्यावर चांदीने उजळ राहायचं म्हणजे कठीणच. मग पडवीत गोणपाट पसरून आम्ही पोरं रांगोळी आणि सुकं फडकं घेऊन घासायला बसायचो. रांगोळी म्हणजे शेवटी दगडाचीच पूड. काळेपणाबरोबर थोडी चांदीही घेऊन जाते. जोर लावला की आजी ओरडायची, "हळू गो बाय, नाव जातला!"

ते नाव बुडाशी असायचं. टोकदार खिळ्याने ठिपके मारत मारत घातलेलं. कुंकवाच्या करंड्याखाली 'चि.', मग आजीचं माहेरचं नाव, त्याखाली 'शके १८४१'. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, म्हणजे १९१९. आजीच्या लग्नाचं साल. सासरहून आलेल्या वाटीखाली 'सौ.' आणि ज्या नावाने आम्ही तिला ओळखत होतो ते नाव, पुढे 'हिस', आणि सासऱ्यांचं नाव 'यांजकडून'. एका भांड्यावर चौदा वर्षांची मुलगी, दुसऱ्यावर घरची सून, दोघी एकच. माहेरचं नाव तिला कुणी हाक मारायला वापरल्याचं मी ऐकलं नाही. तिचे भाऊसुद्धा लग्नानंतर नव्याच नावाने बोलवायचे. ते नाव करंड्याखाली होतं, आणि रांगोळीपासून ते जपायला ती एकटीच ओरडत होती.

करंडा कसा झाला ते तिने डोळ्यांनी बघितलेलं. वेंगुर्ल्याला तिच्या माहेरी सोनार खळ्यात येऊन बसला. बागेसरी पेटली, फुंकणी सुरू झाली. तिच्या वडिलांनी पेटीतून वीस राणीछाप रुपये मोजून दिले आणि चांदी मुशीत वितळेपर्यंत ते समोर पाट टाकून बसून राहिले. सोनारावर विश्वास होता, पाटही होता. त्या काळी चांदीचा रुपया हेच वजन आणि तोच कस. रुपया बरोबर तोळ्याचा, १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. वैद्यसुद्धा औषध 'रुपयाभार' सांगत. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, आणि हे प्रमाण १८३५ पासून १९४० पर्यंत टिकलं. १९४० साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. तेव्हापासून मोडीला आलेला रुपया सोनार आधी साल बघून मग घेऊ लागले. आता व्यवहार बघा. राणीचा चेहरा, साल, सरकारी हमी असं जे काही त्या रुपयांवर होतं ते सगळं मुशीत घालायचं, आणि त्यातून बिनछापाचा करंडा काढायचा. चांदी वितळली की राणी गेली. मागे उरला सोनाराचा शब्द. त्या सोनाराचं नाव मात्र आजीला आठवत नव्हतं. खाली ते कुणी घातलंही नव्हतं.

याच पेटाऱ्यात एक परकी वस्तू होती. जाडजूड चांदीचा चमचा, दांड्यावर इंग्रजी अक्षरांची वेलांटीदार गुंफण आणि मागच्या बाजूला ओळीने चार बारके ठसे. त्यातला एक नांगर. एवढ्यावरून घरात त्याचं नाव 'बोटीवरचो चमचो' पडलं होतं. आजोबा मुंबईत साहेबाच्या मुदपाकखान्यात होते. चमचा त्यांच्याबरोबर आला. कसा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. आम्हाला त्यातून एरंडेल मिळायचं, म्हणून त्याच्याबद्दल फारसं प्रेम नव्हतं.

पुढे कोल्हापुरात बँकेत लागले आणि काही वर्षं सोनेतारणाच्या टेबलावर काढली. बँकेचे पारख करणारे सोनार यायचे, सगळे त्यांना अण्णा म्हणत. काळ्या कसोटीवर दागिना ओढायचे, शेजारी माहीत असलेल्या कसाची रेघ, दोन्हींवर तेजाबाचा थेंब. कुठली रेघ किती टिकते ते बघून कस सांगायचे. चांदी आम्ही तारण घेत नसू, पण सोन्याच्या पुडीतून बायका हळूच एखादी चांदीची वस्तू काढून "एवढं बघा की" म्हणायच्या, आणि अण्णा बघायचे. तापवून गार केलेली चोख चांदी पांढरी राहते, तांबं जास्त असेल तर काळी पडते, हे त्यांच्याकडून शिकले. हुपरी तिथून जवळच; चांदीच्या पैंजणांसाठी गावाचं नाव देशभर आहे. हुपरीच्या एका पैंजणाच्या कडीवरची बारीक अक्षरं अण्णांनी मला भिंगातून दाखवली आणि म्हणाले, "हे कारागिराचं. माल परत आला तर कुणाला धरायचं ते कळाय नको?"

छापांचं सगळं शास्त्र त्या वाक्यात होतं. निवृत्तीनंतर दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि इंग्लिश छापांचे तक्ते घेऊन बसले, तेव्हा हे पटलं. इंग्लंडात चांदीवर सालाचं अक्षर १४७८ पासून आहे. ते पुढच्या काळातल्या हौशी संग्राहकांसाठी नव्हतं. कस तपासणारा अधिकारी बदलायचा, तसं अक्षरही बदलायचं. पुढे चांदी हलकी निघाली तर ती कोणाच्या हातून पास झाली हे अक्षरावरून कळे, आणि त्याला धरता येई. सिंहाचा छाप १५४४ सालचा. डावीकडे चालणारा, पुढचा पंजा उचललेला. तो दिसला की हजारात ९२५ भाग चांदी. राजाचं किंवा राणीचं डोकं असेल तर वस्तू बहुतेक १७८४ ते १८९० मधली, कारण चांदीवर कर भरल्याची ती खूण होती आणि १८९० मध्ये तो कर गेला.

चमचा खिडकीशी तिरप्या उजेडात धरला. घासायचं नाही, तोंडाची वाफ सोडली की झिजलेल्या रेषा क्षणभर उठून येतात. सिंह मिळाला. डोकं नाही, म्हणजे बहुधा १८९० नंतरचा. सालाचं अक्षर लहान लिपीतलं 'एन'. आणि तो नांगर. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम! इंग्लंडच्या ऐन पोटातलं शहर, समुद्राचा वाराही न लागलेलं. बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन शहरांना चांदी तपासण्याची कचेरी मिळाली १७७३ साली. त्यासाठी खटपट करणाऱ्या मंडळींच्या बैठका लंडनच्या 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खाणावळीत होत. म्हणून एका शहराने मुकुट घेतला आणि दुसऱ्याने नांगर, असं सांगतात. बर्मिंगहॅमच्या तक्त्यात तसलं 'एन' १९१२-१३ चं निघालं. बोट गेली, पण चमचा हाती आला.

चौथा ठसा दोन आद्याक्षरांचा, बनवणाऱ्याचा. अशी अक्षरं कचेरीत नोंदवल्याशिवाय इंग्लंडात चांदी विकता येत नसे, त्यामुळे शंभर वर्षांनीही ती दप्तरात शोधता येतात. दांड्यावरच्या वेलांटीदार अक्षरांचा साहेब मात्र कुठल्याच दप्तरात नाही. त्याने हौसेने आपलं नाव पुढे, ठळक घातलं. चमचा हातातून गेला आणि नाव निराधार झालं. आमच्या करंड्याचं आणि वाटीचं बरोबर उलट. देणारा कोण, घेणारी कोण, लग्न कुठल्या शकात, सगळं लिहिलेलं. घडवणारा कोण, चांदी किती चोख, यावर अक्षर नाही. साहेबाची चांदी कारागिराला विसरू देत नाही, आमची नात्याला. मी दोन्ही शेजारी ठेवते तेव्हा दोन्हीकडचं एकेक माणूस गहाळ असतं.

छाप वाचायला लागलं की फसवाफसवीही दिसू लागते. चार चौकटींत चार अक्षरं, ई, पी, एन, एस, लांबून अगदी सिंह-नांगरासारखीच. वस्तू मात्र जर्मन सिल्व्हरची, वर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. चांदी फक्त नावात. ब्रिटिश हिंदुस्थानात चांदी तपासणारी सरकारी कचेरी नव्हती, त्यामुळे इथले कारखानदार आपापला छाप मारत. कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीच्या चांदीवर हत्ती सापडतो, भुजच्या उमरसी मावजींच्या कामावर इंग्रजीत 'ओ. एम. भुज'. तेरेखोलची खाडी ओलांडली की छाप पुन्हा बदलतो. पोर्तुगालने १८८७ पासून चांदीवर रानडुकराचं डोकं उठवलं, १९३८ पासून गरुड. गोव्यात दिलेल्या माझ्या आत्याकडे डुकराच्या छापाचं तबक होतं. तिच्या सासूबाई त्याला वराहावताराचं मानत आणि सत्यनारायणाला आवर्जून काढत.

मोडीला गेलेल्या चांदीचं मात्र काहीच वाचता येत नाही. भाव चढला की पेटारे उघडतात, वाट्या-पेले काट्यावर जातात. सराफ वजन धरतो, घट धरतो, आणि शके, सौ., यांजकडून सगळं मुशीत. मला त्यात रडण्यासारखं वाटत नाही, कारण आमचा करंडाही राणीला वितळवूनच झालेला आहे. फक्त द्यायच्या आधी एकदा उलटं करून वाचावं.

करंड्याबद्दल एक गोष्ट मला छळत होती: त्या बिननावाच्या सोनाराने शब्द पाळला का? कोल्हापुरातल्या हॉलमार्किंग केंद्रात करंडा आणि चमचा दोन्ही नेले. आता क्ष-किरणांचं यंत्र असतं, वस्तूला ओरखडाही न काढता आकडा सांगतं. चमचा ९२ टक्क्यांच्या वर निघाला; सिंह खरं बोलत होता. करंडा ९१ च्या पुढे. राणीछाप रुपया म्हणजे हजारात ९१६ आणि थोडं, अगदी तेच. साहेबाच्या सिंहात आणि खळ्यातल्या शब्दात फरक काय तो हजारात आठांचा, तोही सोनाराचा नव्हे, टांकसाळीचा. वजन वीस तोळ्यांना थोडं कमी भरलं. त्यात आमच्या चवथीच्या रांगोळ्यांचा वाटा आहेच. पाट मांडून बसलेल्या पणजोबांना तपासणीचा हा कागद दाखवता आला असता तर बरं झालं असतं, सोनाराला त्याहूनही.

परवा भाचीच्या मुलाच्या उष्टावणासाठी मालवणात वाटी घेतली. बुडाशी मानक ब्यूरोचा त्रिकोण, ९२५ आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. आपल्याकडे सोन्याला हॉलमार्क आला २००० साली, चांदीला २००५ मध्ये, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीवरही हा क्रमांक ऐच्छिक म्हणून सुरू झाला. मोबाइलवर तो टाकला की कुठल्या केंद्रात तपासणी झाली, किती कसाची, हे समोर येतं. अण्णांना आवडलं असतं. धरायला माणूस सापडतो. पण बाळाचं नाव त्यात नाही, आणि वाटी ज्याने घडवली त्याचंही नाही. दुकानातला पोरगा स्वतः चांदीकाम करणारा, वाटी त्याच्याच हातची. त्याने यंत्राची लेखणी काढली, हॉलमार्कची जागा सोडून बाळाचं नाव घातलं, 'यांजकडून' करून माझं घातलं. मी म्हटलं, "खाली तुझाय घाल."

तो चमकला. "माझा नाव कित्याक, काकी? उद्या वाटी काळी पडली तर लोक माकाच धरतले!"

"म्हणानच घाल," मी म्हटलं.

त्याने कडेला आपली दोन अक्षरं घातली. अक्षरावर मजुरी घेतो तो. या दोनांचे पैसे लावले नाहीत.