लांब पल्ल्याची टॉर्च

धंतोलीत खोली करून राहत होतो तेव्हाची गोष्ट. पहिला पगार झाला आणि चालतच बर्डीवर गेलो. बाबांसाठी चार्जिंगची मोठी टॉर्च घेतली. दुकानदाराने झोत समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर टाकून दाखवला अन् मी भुललो. घरी बाबांची दोन सेलची जुनी टॉर्च होती. उजेड पिवळा, मंद. पण पायापुढं पसरणारा.

गावात शेतीची लाइन यायची ती रात्रीच. आश्विनात बाबा नवी टॉर्च घेऊन कपाशीला पाणी द्यायला गेले. झोत थेट विहिरीवरच्या मोटारीपर्यंत लख्ख पोचत होता. धुऱ्यावर पायाखाली मात्र अंधारच. घोणस तिथंच होती.

तीन दिवस मी मेडिकलच्या वऱ्हांड्यात काढले. काचेच्या नळीत रक्त घ्यायचं अन् 20 मिनिटांनी गोठलं का ते पाहायचं. घोणशीच्या विषानं ते गोठत नाही. प्रतिविष चालूच होतं. शेवटी एकदाचं गोठलं.

चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "बॅटरी मस्त हाय रे बाबू. खाली पाहाचं मीच इसरलो."

ते मला जास्त लागलं.

टॉर्च मी धंतोलीला परत आणली. चार्जिंगला कधी लावलीच नाही. आतला शिशाचा सेल पडून पडून बाद झाला. बाबांनी शेवटपर्यंत जुनीच वापरली. दर दिवाळीला मी त्यांच्यासाठी तेवढे दोन सेल नेत गेलो.