विदुलेचा मुलगा

रात्री महाभारतातलं उद्योगपर्व वाचत होते. कृष्णाची शिष्टाई फसते आणि कुंती त्याच्याकरवी मुलांना विदुलेची गोष्ट कळवते. सिंधुराजाकडून हरून पडून राहिलेल्या संजयाला (धृतराष्ट्राचा संजय वेगळा) त्याची आई विदुला इतकं घालूनपाडून बोलते, की तो पुन्हा लढायला उठतो.

वाचताना आठवलं, १९३२ मध्ये आइन्स्टाइनने फ्रॉइडला पत्रातून विचारलं होतं, माणसाची युद्धातून सुटका आहे का? फ्रॉइडने विध्वंसाच्या उपजत प्रेरणेकडे बोट दाखवलं. वर आपला सिद्धांत पुराणकथेसारखा वाटेल, हेही कबूल केलं. मला ते अर्धंच पटतं. संजयाला कुठे लढायचं होतं? त्याला लाजेने उठवलं, तीही आईने चेतवलेली. कुंतीही राज्य गेल्यापेक्षा द्रौपदीला भरसभेत ऐकावं लागलं, त्याचंच दुःख जास्त उगाळते.