आम्ही गोधडी शिवतों

आमच्या पुतणीस गेल्या माघांत कन्यारत्न झालें, तेव्हां घरांतील प्रत्येकानें आपापल्या परीनें तयारी केली. वाळे, मनगट्या, झबलीं, टोपडीं, चांदीची वाटी, कांहीं म्हणून उणें नव्हतें. उणी होती ती एकच वस्तु, आणि तिच्याविषयीं कोणी बोलत नव्हतें. या घरांत वाढलेल्या १४ मुलांची पहिली गोधडी आमच्या कुटुंबानें शिवली होती. ही पुतणी त्यांतलीच. कुटुंबास जाऊन आतां ३ वर्षें झालीं.

बाळ येण्यापूर्वीं त्याच्यासाठीं कांहीं शिवून ठेवूं नये, अशी आमच्याकडील जुनी समजूत. तिच्या खरेखोटेपणाची चर्चा येथें नको. परंतु तिच्यामुळें बारशापर्यंतचे १२ दिवसच हाताशीं राहतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं वहिनींना सांगितलें, 'गोधडी मी शिवीन.' त्या क्षणभर पाहातच राहिल्या. 'भावोजी, सुईंत दोरा तरी ओंवतां येईल का?'

तान्ह्या मुलाच्या अंगास नवें कापड लावीत नाहींत. खळ त्याच्या कातडीस बोचते. पुष्कळदां धुतलेल्या सुती वस्त्राचा मऊपणा दुकानांतल्या कापडास नसतो. म्हणून आंत आमच्या दोन जुन्या धोतरांचे थर घातले. वर मात्र लुगडेंच हवें. तिचें एक अंजिरी नऊवारी आम्हीं ट्रंकेंत जपून ठेविलें होतें. त्यास कात्री लावतांना हात अडला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतील जीर्ण वस्त्रांचा दृष्टांत आम्हीं मुलांस किती वेळां समजावून सांगितला असेल! परंतु आमच्या घरच्या बायका जीर्ण वस्त्र टाकून देत नसत, त्यांत नवा देह गुंडाळीत, हें तेव्हां ध्यानांत आलें नाहीं. संस्कृतांतली कंथा संन्याशाच्या खांद्यावर असते. आमच्या घरीं ती पाळण्यांत असे.

गोधडी दोन हात लांब व दीड हात रुंद धरली. एक हात म्हणजे २४ अंगुळें. अंगुळागणिक धांवदोऱ्याची एक ओळ धरली तर ३६ ओळी होतात, आणि अंगुळास दोन टांके धरले तर प्रत्येक ओळींत ९६. एकंदर ३४५६ टांके. हा हिशेब करून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलों. एके रात्रीं ती अशीच शिवीत बसली असतां, 'बाजारांत आयती मिळते, डोळे कशाला फोडतेस? दिवा मालव,' असें म्हणून आम्ही कूस बदलली होती. तिनें उत्तर दिलें नव्हतें. ती तेव्हां कितव्या टांक्यावर होती, कोण जाणे.

पहिल्या चार ओळींत दोरा ओढला जाऊन कापडास चुण्या पडल्या. वहिनींनीं कांहीं न बोलतां त्या उसवून दिल्या.

अकराव्या रात्रीं शेवटची ओळ संपली आणि आम्हीं सुया मोजल्या. घेतल्या होत्या ५, भरल्या ४. सतरंजी झाडली, कोनाडा पाहिला, धोतराचा सोगा चांचपला. बाळाच्या पाठीखालीं सुई! आमच्या अंगास घाम सुटला. सारी गोधडी उसवावी असें मनांत आलें, इतक्यांत पुतण्याच्या मुलाच्या शाळेच्या सामानांतील लोहचुंबक आठवला. तो ओळीओळीनें फिरवीत गेलों. तिसऱ्या कोपऱ्याशीं तो हलकेंच अडकला. दोन धोतरांच्या मध्यें सुई आडवी निजली होती. तेवढ्या दोन ओळी उसवून ती काढली आणि पुन्हां शिवीपर्यंत दोन वाजले. मग चुंबक उलटसुलट तीन वेळां फिरविला, तेव्हां कोठें झोंप आली.

बारशाच्या दिवशीं पुतणीनें गोधडी हातांत घेतली. मागाहून घातलेले टांके वांकडे झाले होते. तिचें बोट नेमकें तेथेंच थांबलें.

'काका, इथं काय झालं?'

आम्हीं सुईची हकीकत सांगितली. ती हंसली नाहीं.

'माझ्या गोधडीच्या कोपऱ्यांत काकूचे असेच टांके आहेत,' ती म्हणाली.

ती गोधडी तिनें सासरीं नेलेली आहे. एकदां येतांना घेऊन ये, असें आम्हीं तिला सांगून ठेविलें आहे.