मले, तुले आणि रजत कमळ

नवरात्राची दुसरी माळ होती, २३ सप्टेंबर २०२५. बाहेर पावसाची झड लागलेली, वावरात पाणी साचलेलं, अन् आई घटापुढं बसून वाती वळत होती. कापूस घरचाच, मागच्या सालचा. बोटांनी चाचपून सरकी काढायची, पुंजका सैल करायचा, मग दुधाचा हात लावून तळव्यावर वळायचा. यवतमाळच्या बाईला हे काम बघावं लागत नाही, तिची नजर टीव्हीवर होती. दिल्लीत ७१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा सोहळा चालला होता.

त्रिशा ठोसर साडी नेसून राष्ट्रपतींसमोर गेली, तेव्हा मात्र आईचे हात थांबले. "पाह्य वं, केवढीशी पोरगी!" टाळ्यांच्या आवाजात माझे डोळे भरून आले. बालकलाकारांच्या पाच मानकऱ्यांपैकी चार मराठी चित्रपटांतले: 'नाळ २'ची त्रिशा, भार्गव जगताप, श्रीनिवास पोकळे आणि 'जिप्सी'चा कबीर खंदारे.

त्यातला श्रीनिवास मला आपल्या घरातला वाटतो. २०१८च्या 'नाळ'मधला त्याचा चैत्या 'मले', 'तुले' म्हणत गावभर हुंदडायचा. आपण दत्तक आहोत हे कळल्यावर आईच्या मायेकडं संशयानं बघायचा, तेही वऱ्हाडीतच. त्या भूमिकेसाठी त्याला पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'नाळ २'मध्ये तोच चैत्या जन्मदात्या आईला शोधत पश्चिम महाराष्ट्रात जातो, अन् तिथं त्याची बोली एकटी पडते.

मी पुण्यात शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून 'मले माहीत नाही' निघालं अन् आख्खा वर्ग हसला. मग मी 'मले' गिळून 'मला' म्हणायला शिकले. फोनवर आईशी बोलतानासुद्धा खोलीचं दार लावून घ्यायची. सिनेमा-नाटकातही वऱ्हाडी माणूस यायचा तो बहुतेक हसवायला. चैत्याला कुणी हसलं नाही. त्याच्या 'मले'त पोरकेपणाची भीती होती, अन् ती महाराष्ट्रभर लोकांना कळली. रजत कमळ त्याच्या हाती पडलं, तेव्हा वर्गातल्या त्या हसण्याचा सल कितीतरी वर्षांनी सैल झाला.

त्याच सोहळ्यात शाहरुख खानला 'जवान'साठी पुरस्कार मिळाला. तेहतीस वर्षांच्या कारकिर्दीतला पहिला राष्ट्रीय पुरस्कार, म्हणून आनंदच झाला. त्या चित्रपटात ट्रॅक्टरच्या कर्जापायी शेतकरी जीव देतो, अन् नायक घटकाभरात सगळी कर्जं फेडून दाखवतो. थिएटरात मीही टाळ्या वाजवल्या होत्या. पण माझ्या मनात घर करून राहिलाय तो सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस'. त्यात शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर सोनाली कुलकर्णीची अलका नवऱ्यावर नजर ठेवते. तो वावरात निघाला की पोराला मागं धाडते. आमच्याकडं अशा कितीतरी बायका रात्री नवऱ्याचा श्वास ऐकत जाग्या राहिल्यात. माझ्या हातात असतं तर मी अलकालाच सुवर्णकमळ दिलं असतं.

टीव्हीवर श्रीनिवास दिसला. चांगला उंच झालाय. आईनं अखंड दिव्यातली काजळी झाडली, तेल घातलं.

"तोच नं हा, चैत्या?"

"हो, तोच."

"मोठा झाला वं पोट्टा," ती म्हणाली, अन् पुढचा पुंजका हातात घेऊन सरकी चाचपू लागली.

"मले दे थोडा," म्हणून मी तिच्याजवळ सरकले.